शंभरपर्यंत म्हणता येते, पण सात चमचे मोजून देता येत नाहीत. घरी नेमके काय करावे?

शेवंती

नमस्कार. माझी मुलगी साडेचार वर्षांची असून सध्या छोट्या शिशुवर्गात जाते. तिला एक ते शंभर अंक न अडखळता म्हणता येतात आणि पाहुण्यांसमोर ती ते हौसेने म्हणूनही दाखवते. मात्र जेवणाची पाने मांडताना तिला "सात चमचे आण" असे सांगितले, की ती हाताला येतील तेवढे चमचे मुठीत घेऊन येते. मोजायला लावले तर तोंडाने आकडे भराभर पुढे जातात आणि बोट मागे राहते. कधी एकाच चमच्यावर दोन आकडे पडतात, तर कधी एखादा चमचा चक्क वगळला जातो. मोजून झाल्यावर "मग एकूण किती झाले?" असे विचारले, तर उत्तर देण्याऐवजी ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते.

शाळेकडून रोज एक पान अंक गिरवायला येते. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे असे, की आमच्या वेळी उजळणी तोंडपाठ करून घेत असत आणि त्यावर आमचे काही अडले नाही, तेव्हा आता दोनचा पाढा सुरू करावा. दुसरीकडे "खेळातून गणित" असे लिहिलेले लाकडी संच दुकानांत दिसतात आणि त्यांच्या किमती पाहून घ्यावे की न घ्यावे, असा संभ्रम पडतो. आम्ही दोघेही नोकरी करतो; संध्याकाळचा अर्धा तास आणि सुटीचा दिवस एवढाच वेळ हाताशी असतो. त्या वेळात कोणते खेळ खेळावेत, आणि खेळ झाल्यावर तिला गणितातले काही समजले की नुसतीच करमणूक झाली, हे ओळखायचे कसे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खडूफळा

शेवंतीताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांना बरीच वर्षे शिकवले आहे. आपण जे वर्णन केले आहे ते या वयात सर्रास आढळते. त्यात काळजीचे कारण नाही. एक ते शंभर म्हणणे हे बडबडगीत म्हणण्यासारखे पाठांतर आहे आणि मोजणे हे त्याहून निराळे काम आहे. रॉशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली. त्यांपैकी तीन आपल्या चमच्यांत स्पष्ट दिसतात. आकड्यांचा क्रम कायम ठेवणे आपल्या मुलीला जमते. एका वस्तूला एकच आकडा देणे तिला अर्धवट जमते. आणि शेवटी उच्चारलेला आकडा हा केवळ शेवटच्या चमच्याचा नसून सगळ्या चमच्यांचा मिळून असतो, ही गोष्ट तिला अद्याप उमगलेली नाही. म्हणूनच "एकूण किती?" या प्रश्नाचा अर्थ ती "पुन्हा मोज" असा घेते.

"सात चमचे आण" ही आपण सहज केलेली मागणी म्हणजे संशोधक वापरतात तीच चाचणी आहे. मुले प्रथम एक, मग दोन, मग तीन, अशी एकेक संख्या पुष्कळ महिने घेऊन समजून घेतात आणि त्यानंतर कधीतरी, मोजून कितीही वस्तू देता येतात, ही युक्ती त्यांना सापडते. तेव्हा सातवरून खाली या. दोन वाट्या माग, तीन बटाटे माग, चार कांदे माग, असे करत ती कुठे खात्रीने देते आणि कुठे मूठ भरून आणते, ते पाहा. जिथे मूठ येते, त्याच्या अलीकडच्या संख्येपासून खेळ सुरू करायचा. शंभरचा आग्रह तूर्त बाजूला ठेवण्यास हरकत नाही, कारण जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पहिलीच्या आधीच्या बालवाटिका वर्गासाठीदेखील दहापर्यंतचे अंक ओळखणे व वाचणे आणि वस्तू क्रमाने लावणे एवढीच अपेक्षा ठेवली आहे. ९९ पर्यंतचे वाचन-लेखन पहिलीच्या अखेरीस अपेक्षित आहे.

मोजताना बोट मागे पडते, याचे साधे कारण असे, की मोजलेल्या आणि न मोजलेल्या वस्तू एकाच ढिगात पडलेल्या असतात. वस्तू नुसती दाखवू नये, उचलून दुसरीकडे ठेवावी. शेंगा सोलताना प्रत्येक दाणा वाटीत टाकायचा आणि टाकतानाच आकडा उच्चारायचा. हात थांबला की तोंडही थांबते. पाच झाले की आपण लगेच वाटीभोवती हात फिरवून "हे पाच दाणे" असे म्हणावे. एवढेसे वाक्य आहे, परंतु शेवटचा आकडा आणि सगळा गट यांची सांगड त्यानेच बसते.

आता ज्या खेळावर माझा सर्वाधिक भरवसा आहे तो सविस्तर सांगतो. पाच चिंचोके घ्यावेत आणि प्रत्येकाची एक बाजू खरबरीत फरशीवर घासून पांढरी करावी. पाचही ओंजळीत खुळखुळवून जमिनीवर टाकायचे आणि किती पांढरे, किती काळे ते सांगायचे: तीन पांढरे, दोन काळे, पुढच्या खेपेला चार आणि एक, कधी पाचही पांढरे आणि काळा एकही नाही. सुरुवातीला मूल दोन्ही रंग मोजते. बरेच दिवस खेळल्यावर एक वेळ अशी येते, की पांढरे चार दिसताच ते काळ्यांकडे न पाहता "एक" म्हणते. तीन-चार वस्तू न मोजता नजरेने ओळखण्याची क्षमता माणसाला असतेच. या खेळात ती कामाला लागते आणि पाच ही संख्या किती प्रकारे फुटते, हे हाताला कळते. त्यानंतर आपण काही चिंचोके मुठीत झाकून "दोन दिसतात, मुठीत किती?" असे विचारावे. बेरीज आणि वजाबाकी ही चिन्हे न लिहिता दोन्ही क्रिया येथे होऊन जातात. सहा, सात चिंचोके घेण्याची घाई करू नये. पाचांच्या सगळ्या फोडी पक्क्या होईपर्यंत पाचच असू द्यावेत.

लाकडी संचाविषयी एवढेच सांगतो, की माँटेसोरी पद्धतीत शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि ४५ काड्या असलेले एक साहित्य असते. प्रत्येक कप्प्यात त्यावरील अंकाइतक्या काड्या ठेवायच्या असतात. साहित्य इतक्या चतुराईने केलेले आहे, की कुठेही चूक झाली तर शेवटी काड्या उरतात किंवा कमी पडतात आणि मोठ्यांनी "चुकले" असे म्हणावे लागत नाही. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो, त्यामुळे शून्य म्हणजे काय, हेही वेगळे समजावावे लागत नाही. हेच घरी वाट्या, कागदाच्या चिठ्ठ्या आणि आइसक्रीमच्या काड्या घेऊन करता येते. आपल्या मुलीसाठी शून्य ते पाच अशा सहा वाट्या आणि १५ काड्या पुरेत.

शंकासुर

खडूफळा सरांच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु "खेळले की गणित आपोआप येते" असा समज कोणी करून घेऊ नये, म्हणून दोन अभ्यासांचा उल्लेख करतो. एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम या संस्थेबरोबर दिल्लीतील बालवाड्यांमध्ये एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दीड हजारांवर मुले त्यात होती. काही बालवाड्यांत मुलांनी ठिपक्यांच्या गटांची तुलना करणे, वेगळा आकार ओळखणे असे गणिती खेळ गटागटाने खेळले. संख्या आणि आकार नुसत्या नजरेने ओळखण्याची मुलांची अंतःप्रेरित जाण या खेळांनी वाढली आणि वर्षभरानंतरही टिकून राहिली. पण ही मुले प्राथमिक शाळेत गेल्यावर तेथील अंक-चिन्हांच्या गणितात मात्र त्यांना इतरांपेक्षा आघाडी मिळाली नाही. मला यातून समजते ते असे, की खेळातील संख्या आणि पाटीवरील अंक यांच्यामधला पूल मूल आपणहून बांधत नाही. तो कोणीतरी हेतुपुरस्सर बांधून द्यावा लागतो.

तो पूल अगदी साधा असू शकतो, हे दुसऱ्या अभ्यासातून दिसते. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली अमेरिकेतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील बालवाडीच्या मुलांना एक पट खेळायला दिला. एका रांगेत एक ते दहा अंकांची घरे आणि फिरकीवर फक्त एक आणि दोन. सोंगटी सरकवताना त्या त्या घरातील अंक म्हणायचा, म्हणजे तीनवर असताना दोन पडले तर "चार, पाच" म्हणायचे, "एक, दोन" नव्हे. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका झाल्या, तेवढ्यानेही मुलांची अंकओळख, मोजणी आणि कोणती संख्या मोठी ते सांगण्याची क्षमता सुधारली व नऊ आठवड्यांनंतरही ती टिकली. तसाच पट, पण अंकांऐवजी रंगांची घरे असलेला, ज्यांनी खेळला त्यांना हा लाभ झाला नाही. खेळ दोघांनीही खेळला, मजाही दोघांना आली असेल. फरक अंकांनी आणि ते मोठ्याने म्हणण्याने पडला.

या निमित्ताने आपल्या लाडक्या सापशिडीबद्दलही बोलायला हवे. साडेचार वर्षांच्या मुलासाठी तो पट मला फारसा सोयीचा वाटत नाही. त्यात शंभर घरे असतात, पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते तर दुसरी उलट फिरते, आणि ९८ वरचा साप गिळतो तेव्हा संख्येचा आकार हा विषयच हद्दपार होतो. शिवाय बहुतेक घरांत मुले सोंगटी "एक, दोन, तीन, चार" अशीच सरकवतात. ज्या घरावर ती जाते त्याचा अंक कोणीच वाचत नाही. त्यापेक्षा जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे एका ओळीत दहा घरे आखून, फाशाऐवजी दोन चिंचोके टाकावेत. पांढरे पडतील तितकी घरे पुढे. दोन्ही काळे पडले तर जागेवरच थांबायचे, म्हणजे शून्यही खेळात येतो. कवड्यांचा पट मात्र थोडा उशिरा आणावा, कारण चार कवड्यांच्या खेळात चारही पालथ्या पडल्या की आठ धरतात, आणि जे मूल नुकतेच "दिसतात तितके" शिकत आहे त्याला हा नियम कोड्यात टाकतो.

रानजाई

मी डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. महागड्या साहित्याचा प्रश्न निघाला आहे म्हणून लिहिते. आमच्या भागात हा प्रश्न फार पूर्वी सोडवला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या आणि पुढे हे काम कोसबाडला गेले. माँटेसोरींचे साहित्य खेड्यातील बालवाडीला परवडणार नाही, हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांच्यावर काम चालवले. समुद्रकाठच्या गावात शिंपल्यांपेक्षा चांगला मोजसंच कोणता मिळणार? अंगणवाडी या कल्पनेची मुळेही तिथेच आहेत.

माझ्या वर्गात तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र बसतात, त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा देऊन भागत नाही. लहानांना मी मोजायला लावतच नाही. पाने आणून ती लांब-आखूड, रुंद-अरुंद, गुळगुळीत-खरखरीत अशी वेगळी करायची, हे त्यांचे काम. सहा वर्षांचे मूल त्याच ढिगातून लांबीच्या क्रमाने पाच पाने लावते आणि मधले एखादे पान मी काढून घेतले तर ते कुठले होते, हे सांगते. एक वेगळी अडचणही येथे सांगते. आमची बरीच मुले घरी वारली बोलतात, म्हणून "जास्त", "कमी", "तितकेच", "एकाने कमी" हे प्रमाण मराठीतले शब्द आधी हाताने करून दाखवावे लागतात. शहरातील पालकही या शब्दांकडे दुर्लक्ष करतात, असे मला वाटते. "किती?" हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो, पण "कुणाकडे जास्त, आणि किती जास्त?" हा प्रश्न क्वचितच.

पाण्याचा खेळ मुलांना सर्वांत प्रिय असतो. तांब्या भरायला किती पेले लागतील, याचा आधी अंदाज सांगायचा, मग ओतून पाहायचे. उंच पेल्यातले पाणी बुटक्या वाटीत ओतले की "कमी झाले" असे मुले ठामपणे म्हणतात. खड्यांची रांग पसरवली तर "वाढले" असेही म्हणतात. तेव्हा त्यांना चूक ठरवून उपयोग नसतो, कारण ही समज वयाबरोबर आणि पुन्हापुन्हा ओतून पाहण्याने येते. मी फक्त "परत ओतून बघूया का?" एवढेच विचारते.

बियांविषयी सावधगिरीची सूचना करणे मला अत्यावश्यक वाटते. गुंजा दिसायला लाल-काळ्या आणि मोहक असतात, एकसारख्याही असतात, त्यामुळे त्या मोजायला द्याव्यात असे कोणालाही वाटेल. परंतु गुंज विषारी आहे आणि चावली गेल्यास जिवावर बेतू शकते. एरंडाच्या बियांचेही तसेच आहे. या दोन्ही बिया मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. चिंचोके, मणी, वाटाणे हेही मूल तीन वर्षांच्या आतले असेल किंवा घरात धाकटे रांगते भावंड असेल तर टाळावेत, कारण अशा वस्तू नाकात, कानात जातात आणि घशात अडकतात. त्यांच्याऐवजी बाटल्यांची मोठी झाकणे, लिंबे, कांदे-बटाटे घ्यावेत. खेळ संपला की मुलांकडूनच वस्तू मोजून डब्यात भरून घ्याव्यात. एक कमी भरली तर ती शोधल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि गणितही होते.

परदेशस्थ_पालक

आम्ही जर्मनीत राहतो. चर्चेतून एक शंका निर्माण झाली. आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला वीसपर्यंत उत्तम मोजता येते, परंतु त्यापुढे त्रेचाळीस ऐकून तो ३४ लिहितो. मराठीत आपण तीन आधी उच्चारतो आणि चाळीस नंतर; जर्मन भाषेतही "तीन आणि चाळीस" याच क्रमाने म्हणतात. त्यामुळे दोन्ही भाषांकडून त्याला एकच अडचण पोहोचते. त्यात मराठीतील एकोणतीस, एकोणचाळीस यांनी भर पडते, कारण नावात तीस ऐकू येते आणि लिहायचे मात्र दोन असतात. घरी मराठी संख्यानामे काही काळ बंद ठेवावीत का, असा विचार मनात येतो.

खडूफळा

परदेशस्थ पालक, बंद ठेवू नका, एवढीच विनंती. ही अडचण येथील मुलांनाही येते. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक", "नव्वद तीन" अशा संख्यावाचनाची जोड दिली ती याच कारणाने. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना ही भूमिका वारंवार स्पष्ट करावी लागली. जुनी नावे रद्द झालेली नव्हती; जोडाक्षरांनी भरलेली नावे शिकताना मुलांना एक पर्यायी आधार मिळावा, एवढाच उद्देश होता. माझ्या मते तो आधार वर्गात उपयोगी पडतो, मात्र काड्या हाती नसतील तर "चाळीस तीन" हेदेखील आणखी एक पाठांतर होऊन बसते.

आपण असे करावे: दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे करावेत आणि काही काड्या सुट्या ठेवाव्यात. गठ्ठे मुलाने स्वतःच बांधले पाहिजेत, आयते बांधून देऊ नयेत; दहा सुट्या मिळून एक दशक होते, हे बांधतानाच कळते. मग आपण "त्रेचाळीस" म्हणावे आणि त्याने चार गठ्ठे डावीकडे व तीन सुट्या काड्या उजवीकडे मांडाव्यात. मांडून झाल्याशिवाय लिहायचे नाही. एकोणचाळीससाठी चार गठ्ठे ठेवून त्यांतील एक काडी परत मागावी. गठ्ठा सोडल्याशिवाय ती देता येत नाही, आणि तीन गठ्ठे व नऊ सुट्या समोर दिसतात. "एकोण" म्हणजे एकाने उणे, हे त्याला तेव्हा समजावून सांगण्याची गरज राहत नाही.

शेवंती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रानजाई ताईंची गुंजांविषयीची सूचना वाचून घरातील एक जुनी डबी आजच वरच्या फडताळात हलवली. एक शेवटचा प्रश्न उरतो. शाळेतून येणारे गिरवण्याचे पान तर रोज पूर्ण करावेच लागते. त्याचे आणि पाढ्यांचे काय करावे?

खडूफळा

पानावरून शाळेशी वाद घालू नये, त्याच पानाचा उपयोग करून घ्यावा. मुलीने एका ओळीत पाच गिरवला की शेजारी पाच ठिपके काढायला सांगावे, किंवा आधी पाच दाणे मांडून मग गिरवू द्यावे. शंकासुर म्हणतात तो पूल याच जागी बांधला जातो. हात दुखू लागल्यास अर्धे पान सोडून द्यावे आणि वर्गशिक्षिकेला तशी चिठ्ठी लिहावी. बहुतेक शिक्षिका समजून घेतात.

दोनचा पाढा ज्येष्ठांना म्हणू द्या. मुलीला मात्र तो दाराशी काढलेल्या चपलांच्या जोड्यांवर ऐकू द्या: एका माणसाच्या दोन, दोघांच्या चार, तिघांच्या सहा. पाहुणे आले की पाढा पुढे सरकतो. समजले की नाही, हे ओळखण्याबद्दल आपण विचारले होते. त्यासाठी खेळातली वस्तू बदलून पाहावी. चिंचोक्यांवर जे आले ते बटाट्यांवर, पायऱ्यांवर, टाळ्यांवर येते का, आणि आपण मुद्दाम चुकीचे मोजले, एक चमचा दोनदा मोजला, तर ती आपल्याला अडवते का, ते पाहावे. ती अडवू लागली की पुन्हा "सात चमचे आण" असे सांगून पाहण्यास हरकत नाही.